गरोदरपणांतील रक्तदाब आणि आपलें कर्तव्य

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



प्रत्येक चर्चच्या दप्तरांत दोन वह्या शेजारीं शेजारीं ठेवलेल्या असतात. एक बाप्तिस्म्याची आणि दुसरी मृतांची. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं पहिली वही उघडून पाहण्याचा मोह सर्वांस होतो, आणि तो योग्यच आहे. कारण तिच्यांत धर्मग्रामाची वाढ दिसते. परंतु बाळाचें नांव पहिल्या वहींत आणि त्याच्या आईचें नांव दुसऱ्या वहींत एकाच आठवड्यांत लिहावें लागावें, यासारखी दुःखाची गोष्ट दुसरी नाहीं. अशा मृत्यूंचीं जीं प्रमुख कारणें आहेत, त्यांत गरोदरपणीं वाढणारा रक्ताचा दाब हें एक आहे. जगांत गरोदरपणांत व बाळंतपणांत ज्या माता दगावतात, त्यांपैकीं सुमारें सहा-सातांमागें एक याच विकारानें दगावते. यांतील बहुतेक मृत्यु वेळीं उपाय झाल्यास टळण्यासारखे असतात, हें तर मनास अधिकच लागणारें आहे.

विषय स्त्रियांचा आहे, म्हणून पुरुषांनीं बाहेर मंडपांत बसावें असें कोणास वाटलें असेल. मीं मुद्दाम विनंति करून त्यांस आंत बोलाविलें आहे. कारण असें कीं, हा विकार जिला होतो तिला तो पुष्कळदां कळतच नाहीं. तेव्हां तो ओळखण्याचें आणि त्यावर उपाय करविण्याचें काम एकट्या तिच्यावर टाकतां येत नाहीं. तें तिच्या नवऱ्याचें आहे, सासूचें आहे, आईचें आहे, शेजारणीचें आहे, आणि ज्या धर्मग्रामांत ती राहते त्या धर्मग्रामाचेंही आहे. माझ्या सर्व भाषणाचें सार एवढेंच आहे; पुढें जें सांगावयाचें तें त्याचें स्पष्टीकरण होय.

प्रथम रक्ताचा दाब म्हणजे काय तें पाहूं. हृदय आकुंचन पावलें म्हणजे रक्त धमन्यांत जोरानें ढकललें जातें, आणि तें सैल पडलें म्हणजे तो जोर कमी होतो. पहिल्या वेळचा दाब तो वरचा आंकडा, दुसऱ्या वेळचा तो खालचा. हा दाब मोजण्याची विद्या फार जुनी नाहीं. दंडास पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब पाहण्याचें यंत्र रिव्हा-रॉची नांवाच्या इटालियन डॉक्टरांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध केलें, आणि १९०५ सालीं कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरांनीं पट्ट्याखालीं नळी लावून नाडीचे आवाज ऐकण्याची रीत दाखविली. त्यापूर्वीं गरोदर स्त्रीच्या रक्तांत काय चाललें आहे हें आंकडी येईपर्यंत समजण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता. लंडनच्या गायज् हॉस्पिटलांतील डॉक्टर लीव्हर यांनीं १८४३ सालीं अशा आंकडी येणाऱ्या स्त्रियांच्या लघवींत आल्ब्युमिन सांपडतें हें दाखविलें, तेवढाच काय तो एक धागा हातीं होता. या आंकडीस डॉक्टर ‘एक्लॅम्प्सिया’ म्हणतात. हा शब्द ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ विजेप्रमाणें एकाएकीं चमकणें असा आहे. निरभ्र आकाशांतून वीज पडावी तसा हा रोग येतो, असें जुन्या वैद्यांस वाटत असे. आज आपण जाणतों कीं आकाश निरभ्र नसतें. ढग आधीं जमलेले असतात, परंतु ते डोळ्यांस दिसत नाहींत, यंत्रासच दिसतात.

आतां आंकडे लक्षांत ठेवा. गरोदर स्त्रीचा वरचा दाब १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा ९० किंवा त्याहून अधिक, असा निदान चार तासांच्या अंतरानें दोनदां आढळला, तर तो वाढलेला समजतात. वरचा १६० किंवा खालचा ११० झाला, तर तो तीव्र समजावा. अशा वेळीं उद्यांवर ढकलणें नाहीं, त्याच घटकेस रुग्णालयाची वाट धरावी. दोन्ही आंकडे वाढलेच पाहिजेत असें नाहीं. एक वाढला तरी पुरे. आणखी एक गोष्ट अशी कीं, निरोगी गरोदरपणांत मधल्या महिन्यांत दाब स्वाभाविकच थोडा उतरतो. म्हणून जिचा दाब पूर्वींपासून जास्त होता, तिचा चौथ्या-पांचव्या महिन्यांत चांगला दिसला, एवढ्यावरून रोग गेला असें मानूं नये. पहिल्या तीन महिन्यांतच एकदां दाब मोजून लिहून ठेवणें यासाठींच अगत्याचें आहे.

या विकाराचे प्रकार मुख्यतः तीन आहेत. गरोदर राहण्यापूर्वींपासून किंवा विसाव्या आठवड्याच्या आंतच दाब वाढलेला असेल, तर तो जुना रक्तदाब होय. वीस आठवड्यांनंतर तो प्रथमच वाढला, आणि दुसरें कोणतेंही लक्षण नसलें, तर तो गरोदरपणाचा रक्तदाब. आणि वाढलेल्या दाबाबरोबर लघवींतून प्रथिनें जाऊं लागलीं, किंवा मूत्रपिंड, यकृत, मेंदू, रक्त यांपैकीं कशास इजा पोंचल्याची खूण दिसली, तर तो ‘प्री-एक्लॅम्प्सिया’, म्हणजे आंकडीच्या अगोदरची अवस्था. पहिल्या दोहोंतूनही तिसरा प्रकार उद्भवूं शकतो. म्हणून पहिल्या दोन प्रकारांस साधे म्हणून सोडून देतां येत नाहीं.

हें कां होतें, तें वाडीस पाणी देणाऱ्या बागाइतदारास सहज समजेल. झाडें लहान असतांना अरुंद पाट पुरतो. झाडें वाढलीं कीं पाट रुंद करावा लागतो. गर्भाशयाच्या भिंतींतील बारीक वळणदार रक्तवाहिन्या गर्भ रुजल्यावर अशाच रुंद व्हावयास हव्या असतात, म्हणजे वारेला आणि तिच्यामार्फत बाळाला भरपूर रक्त मिळतें. कांहीं स्त्रियांत त्या रुंद होत नाहींत. मग वारेला रक्त अपुरें पडतें, आणि त्या ताणांत ती आईच्या रक्तांत असे पदार्थ सोडूं लागते कीं त्यांनीं सर्व शरीरांतील रक्तवाहिन्यांच्या आंतल्या अस्तरास इजा होते. म्हणून दाब वाढतो, लघवींतून प्रथिनें जातात, डोळ्यांपुढें काजवे चमकतात, आणि शेवटीं मेंदू बिघडून आंकडी येते. बाळाची वाढही खुंटते. यांत त्या स्त्रीचा कांहीं अपराध नाहीं. तिनें राग केला म्हणून, ती चिंता करीत बसली म्हणून, किंवा डोहाळ्यांत अमुक खाल्लें म्हणून हा रोग झाला, असें तिला कोणीं ऐकवूं नये.

तरी कांहीं स्त्रियांस याचा धोका इतरांहून अधिक असतो, व त्यांच्या घरच्या मंडळींनीं आरंभापासूनच सावध असावें. पहिलें गरोदरपण, पूर्वींच्या खेपेस हा विकार झालेला असणें, आईला किंवा बहिणीला तो झालेला असणें, पोटीं जुळें असणें, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा रोग, शरीर फार स्थूल असणें, वय पस्तिशी-चाळिशीच्या पुढें गेलेलें असणें, दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून अधिक अंतर पडलेलें असणें, हीं त्याचीं मुख्य निमित्तें होत. यांपैकीं कांहीं असल्यास पहिल्याच भेटींत डॉक्टरांस सांगावें. कारण अशा स्त्रियांपैकीं ज्यांस डॉक्टर योग्य समजतील, त्यांना अगदीं थोड्या मात्रेंत ॲस्पिरिन दिलें जातें, आणि तें बाराव्या आठवड्यानंतर, शक्य तर सोळाव्याच्या आंत, सुरू केल्यास त्याचा खरा लाभ होतो. मुख्यतः युरोपांत केलेल्या व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत, धोका अधिक असलेल्या स्त्रियांस रोज रात्रीं १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलें, तेव्हां मुदतीपूर्वीं येणारा प्री-एक्लॅम्प्सिया शंभरांत चारांहून अधिक स्त्रियांस व्हावयाचा तो दोघींहूनही कमी जणींस झाला. औषध स्वस्त आहे. परंतु तें आपल्या मनानें दुकानांतून आणून घेण्याचें नव्हे, आणि सातव्या महिन्यांत आठवण होऊन सुरू करण्याचेंही नव्हे.

आपल्या आहारांत चुना, म्हणजे कॅल्शियम, बहुधा कमी असतो, आणि जिथें तो कमी तिथें हा विकार अधिक, असा अनुभव आहे. म्हणून दूध, दही, नाचणी आणि कांट्यासकट खाल्ली जाणारी लहान मासळी गरोदर स्त्रीच्या ताटांत असावी, आणि दवाखान्यांतून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या उशाखालीं न ठेवतां पोटांत जाव्यात. बंगलोर येथें व टांझानियांत प्रत्येकीं अकरा हजार स्त्रियांवर केलेले दोन प्रयोग २०२४ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हें १५०० मिलिग्रॅमपेक्षां या रोगाच्या बाबतींत उणें ठरलें नाहीं. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी मात्र एकाच वेळीं घेऊं नयेत; एक दुसरीस अडविते.

आतां कांहीं समजुतींविषयीं बोलतों. पहिली समजूत मिठाची. दाब वाढला कीं घरांतील वडील माणसें गरोदर स्त्रीचें मीठ अजीबात बंद करतात. मीठ तोडल्यानें प्री-एक्लॅम्प्सिया टळतो, असें अनुभवास आलेलें नाहीं. लोणचें, पापड व खारविलेली सुकी मासळी बेतानें खावी, हें सर्वांसच हितकर. परंतु अळणी जेवण देऊन तिची अन्नावरची वासना घालवूं नये. दुसरी समजूत अंथरुणाची. दिवसभर निजवून ठेवल्यानें हा रोग बरा होत नाहीं. उलट पायांतील रक्त गोठण्याचें भय वाढतें. कष्टाचीं कामें कमी करावीं, दुपारीं विश्रांति द्यावी, पण तिला पलंगास खिळवूं नये. तिसरी समजूत सुजेची. पावलांवर संध्याकाळीं थोडी सूज बहुतेक गरोदर स्त्रियांस येते, आणि तेवढ्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु तोंड व हात एकाएकीं सुजूं लागले, बोटांतील अंगठी घट्ट बसूं लागली, तर त्याच दिवशीं दाब मोजावा. उलट, सूज मुळींच नसतांही रोग असूं शकतो, हेंही विसरूं नये.

चौथी समजूत सर्वांत घातक आहे. आंकडी आली म्हणजे कोणी कांदा हुंगवितो, कोणी चामड्याची वहाण नाकाशीं धरतो, कोणी दातांत चमचा घालतो, आणि कोणी बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे धांवतो. गरोदर किंवा बाळंत स्त्रीस आंकडी आली तर तिला डाव्या कुशीवर वळवावें, जवळच्या टणक वस्तु दूर कराव्या, तोंडांत पाणी, औषध किंवा वस्तु कांहींही घालूं नये, आणि १०८ क्रमांकावर गाडी मागवून किंवा मिळेल त्या वाहनानें तिला प्रसूतीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयांत न्यावें. प्रार्थना अवश्य करावी. परंतु ती गाडींत बसून करावी.

आंकडीचें आगमन सांगणाऱ्या कांहीं खुणा आहेत, त्या प्रत्येक घरांतील एका तरी माणसास पाठ असाव्या. न थांबणारी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी किंवा काजवे, किंवा एकाचे दोन दिसणें, छातीच्या खालीं उजव्या बरगडीशीं दुखणें, जें पुष्कळदां पित्त समजून सोडून दिलें जातें, शेवटच्या महिन्यांत नव्यानें सुरू झालेली ओकारी, धाप लागणें, लघवी कमी होणें, बाळाची हालचाल मंदावणें. यांतील एकही दिसल्यास सकाळची वाट पाहूं नये. आणि पुनः सांगतों, यांतील एकही नसतांना दाब वाढलेला असूं शकतो. ‘मला कांहीं होत नाहीं,’ हें गरोदर स्त्रीचें उत्तर खरें असतें, पण तें पुरेसें नसतें.

म्हणून दाब मोजणें हेंच पहिलें औषध समजा. तो नीट मोजण्याचीही एक रीत आहे. लघवीस जाऊन येऊन पांच मिनिटें स्वस्थ बसावें; त्यापूर्वीं अर्धा तास चहा-कॉफी नको; पाठ टेकलेली, पावलें जमिनीवर, पायावर पाय नाहीं; हात टेबलावर हृदयाच्या उंचीस; पट्टा उघड्या दंडावर, बाहीवर नव्हे; मोजतांना बोलूं नये. दंड जाड असून पट्टा लहान असला, तर आंकडा खोटाच जास्त येतो. घरीं विजेचें यंत्र ठेवणाऱ्यांनीं तें एकदां दवाखान्यांतील यंत्राशीं ताडून घ्यावें, व प्रत्येक वेळचे आंकडे तारखेसह वहींत लिहावे. सरकारी दवाखान्यांतून दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ सालापासून चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें त्याच वर्षीं प्रत्येक गरोदरपणांत निदान आठ भेटी व्हाव्या असें सांगितलें. प्रत्येक भेटींत दाब मोजला गेला, लघवी तपासली गेली, आणि दोन्ही गोष्टी कार्डावर लिहिल्या गेल्या, हें पाहूनच घरीं यावें.

दाब वाढलेला आढळला, तर तो उतरविणारीं व बाळास सोसणारीं औषधें आहेत. लॅबेटॅलॉल, निफेडिपीन आणि मेथिलडोपा हीं त्यांतील मुख्य. सौम्य दिसणाऱ्या जुन्या रक्तदाबावरही उपाय करणें हिताचें, हें अमेरिकेंत २४०८ स्त्रियांवर झालेल्या व २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानें दाखविलें. दाब १४० व ९० च्या खालीं ठेवला तर आईचीं व बाळाचीं संकटें कमी झालीं, आणि बाळें अशक्त झालीं नाहींत. दुसरा प्रयोग आपल्या महाराष्ट्रांतलाच आहे. नागपुरांतील दोन सरकारी रुग्णालयांत तीव्र रक्तदाबाच्या ८९४ गरोदर स्त्रियांस या तिन्ही औषधांपैकीं एक, तोंडावाटें घेण्याच्या गोळीच्या रूपानें, दिलें गेलें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षाप्रमाणें सहा तासांच्या आंत, कांहीं अपाय न होतां, निफेडिपीननें शंभरांपैकीं ८४ जणींचा, लॅबेटॅलॉलनें ७७ जणींचा आणि मेथिलडोपानें ७६ जणींचा दाब आटोक्यांत आला. म्हणजे साध्या, स्वस्त गोळ्यांनींही मोठें काम होतें. फक्त त्या वेळेवर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं पोटांत गेल्या पाहिजेत.

याच्या उलट, रक्तदाबाचीं कांहीं नेहमींचीं औषधें गर्भास अपाय करतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल हीं त्यांपैकीं होत. हल्लीं तिशींतल्या स्त्रियाही अशा गोळ्या घेतात. अशा स्त्रीनें मूल व्हावें अशी इच्छा धरतांच डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यावें. आणि बदलण्यापूर्वींच पाळी चुकली, तर गोळी एकाएकीं सोडून घरीं न बसतां त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. सासूबाईंची गोळी सुनेला देणें हा प्रकार तर कधींच करूं नये.

आंकडी टाळण्यास व थांबविण्यास मॅग्नेशियम सल्फेट हें औषध आहे. तें फार जुनें असून किंमतीनें अल्प आहे. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या, भारतासह नऊ देशांतील प्रयोगांत तें इतर औषधांहून सरस ठरलें. आणि २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या प्रयोगांत त्यानें आंकडीचा धोका निम्म्याहून कमी केला. तें रुग्णालयांत सुईनें दिलें जातें. रुग्णालयापर्यंत तिला पोंचविणें हें काम मात्र आपलें आहे.

एक प्रश्न आपल्या लोकांच्या मनांत येतो, त्याचें उत्तर येथें देणें योग्य होईल. हा रोग वार बाहेर पडल्यावांचून मुळापासून जात नाहीं; म्हणून साधारणपणें ३७ आठवडे पुरे होतांच, आणि रोग तीव्र असल्यास त्याहूनही लवकर, प्रसूति घडवून आणावी असें डॉक्टर सांगतात. तेव्हां कोणी म्हणतें, ‘देवानें ठरविलेल्या वेळेपूर्वीं आपण कां ढवळाढवळ करावी?’ गर्भ बाहेर जगूं शकेल इतका वाढल्यावर सबळ कारणासाठीं लवकर प्रसूति करविण्यास चर्चच्या नीतिशिक्षणाची आडकाठी नाहीं. आईचा जीव आणि बाळाचा जीव दोन्ही वांचविण्याचाच तो यत्न असतो. बाळ अपुऱ्या दिवसांचें असेल तर त्याचीं फुप्फुसें पक्व व्हावीं म्हणून आईस आधीं औषध टोंचतात, आणि अशा बाळांची काळजी घेणाऱ्या विभागांत त्यास ठेवतात. ज्यांस शंका असेल त्यांनीं ती धर्मगुरूंजवळ मोकळ्या मनानें काढावी. पण ती दिवस भरत आल्यावर नव्हे, आधींच काढावी.

तसेंच आणखी एक. पवित्र ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वींचा उपास मोडेल म्हणून कित्येक बाया रविवारीं सकाळची गोळी मिस्सा होईपर्यंत घेत नाहींत. चर्चच्या नियमाप्रमाणें पाणी व औषध यांनीं तो उपास मोडत नाहीं. गोळी पाण्याबरोबर घेऊन निःशंकपणें वेदीजवळ यावें. प्रायश्चित्तकाळांतील उपवासाचा भारही गरोदर स्त्रीवर नाहीं. तिच्या पोटीं वाढणाऱ्या जिवास अन्न देणें हीच तिची त्या काळची सेवा होय.

आतां आपल्या एका चांगल्या चालीकडे वळतों. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें म्हणून सातव्या-आठव्या महिन्यांत मुलीस आईकडे पाठवितात. आईची माया व माहेरची विश्रांति तिला मिळते, म्हणून ही चाल प्रेमळ आहे. परंतु हा विकार बहुधा याच महिन्यांत डोकें वर काढतो, आणि नेमका याच वेळीं डॉक्टर बदलतो, दवाखाना बदलतो, आणि जुने कागद सासरच्या कपाटांत राहतात. म्हणून मुलीच्या पेटींत बाळाचीं झबलीं घालण्यापूर्वीं तिचें तपासणीचें कार्ड, दाबाची वही, लघवी-रक्ताचे कागद आणि औषधांची चिठ्ठी घाला. माहेरीं पोंचल्यावर आठवड्याच्या आंत तेथील डॉक्टरांस दाखवा. डोहाळेजेवण दोन दिवस पुढें गेलें तरी चालेल. तपासणी जाऊं नये.

बाळ जन्मलें, पेढे वांटले, कीं सर्वांस वाटतें धोका टळला. तसें नाहीं. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास दाब पुनः वर जातो, आणि त्याच सुमारास बाळंतिणीस घरीं पाठविलेलें असतें. तिचें डोकें दुखूं लागलें म्हणजे ‘वारा लागला’ असें म्हणून फडकें घट्ट बांधतात, दार-खिडक्या लावून घेतात. बाळंतिणीचें तीव्र डोकें दुखणें म्हणजे प्रथम दाब मोजण्याची सूचना, असें सर्वांनीं मनांत कोरून ठेवावें. कारण आंकडी बाळंतपणानंतर कांहीं आठवड्यांपर्यंतही येऊं शकते. जिला हा विकार झाला होता, तिचा दाब पहिल्या आठवड्यांत वरचेवर आणि पुढें सहाव्या आठवड्यापर्यंत तपासला जावा. दूध पाजण्यास आड न येणारीं औषधें आहेत, म्हणून बाळासाठीं गोळी सोडण्याचें कारण नाहीं. अशा स्त्रीस पुढील आयुष्यांत हृदयरोगाचा व पक्षाघाताचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारें दुप्पट असतो. यासाठीं तिनें दर वर्षीं एकदां तरी रक्तदाब व रक्तांतील साखर तपासून घ्यावी. बाळाच्या वाढदिवसाच्या आठवड्यांत आईची तपासणी, असा नेम घातला तर विसर पडणार नाहीं.

शुभवर्तमानांत संत लूक यांनीं एक भेट वर्णिली आहे, जिचा सण आपण ३१ मे रोजीं पाळतों. संत एलिझाबेथ उतारवयांत प्रथमच गरोदर होती. सहावा महिना लागला होता. आजच्या कोणत्याही डॉक्टरानें तिच्या कार्डावर ‘जोखमीची’ असा शेरा मारला असता. पवित्र मरिया स्वतः गर्भवती असतां डोंगराळ मुलखांतून लगबगीनें तिच्याकडे गेली आणि सुमारें तीन महिने तिच्याजवळ राहिली. एलिझाबेथनें बोलावणें पाठविल्याचा उल्लेख तेथें नाहीं. गरजवंतानें हांक मारण्यापूर्वीं जाणें हाच त्या भेटीचा विशेष आहे. आणि ज्या रोगांत रोगी हांक मारीतच नाहीं, त्या रोगास हेंच योग्य औषध आहे.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं मी धर्मग्रामापुढें तीन गोष्टी मागणें म्हणून ठेवतों. पहिली, रक्तदाब मोजण्याचीं दोन चांगलीं यंत्रें, मोठ्या व लहान पट्ट्यांसह, धर्मग्रामाच्या खर्चानें घ्यावीं. दुसरी, प्रत्येक वाडींतील दोन स्त्रियांनीं तें यंत्र वापरण्यास परिचारिकेकडून शिकून घ्यावें, आणि आपल्या वाडींतील प्रत्येक गरोदर व बाळंत स्त्रीच्या घरीं, ती कोणत्याही धर्माची असो, बोलावण्याची वाट न पाहतां जावें. आंकडा जास्त दिसला तर उपदेश न करतां तिला डॉक्टरांकडे पोंचवावें. तिसरी पुरुषांकडे. ज्यांच्याजवळ गाडी आहे आणि मध्यरात्रींही जे दार उघडतील, अशांचीं नांवें व दूरध्वनि क्रमांक चर्चच्या दारांत लावावे.

महोत्सवाची रोषणाई चार दिवसांनीं उतरेल. या तीन गोष्टी उभ्या राहिल्या, तर पुढील पन्नास वर्षांत बाप्तिस्म्याच्या वहींत जें नांव चढेल, त्याची आई त्या दिवशीं बाळाला हातांत घेऊन कुंडाजवळ उभी असेल. परमेश्वर आपल्या हातून हें काम करवून घेवो, आणि पवित्र मरिया आपल्या सर्व मातांचें रक्षण करो.